वाघाचे रान आणि कामकऱ्याची भाकर



कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाने वाघावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, नव्या कामगार संहिता हे आमचे नेहमीचे विषय. वाघ हा हौशी छायाचित्रकारांचा, निसर्गप्रेमी मंडळींचा आणि फार तर वनखात्याचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे, एवढेच आज आम्हांला आपल्यापुढे मांडायचे आहे. विदर्भात जंगलाच्या कडेला राबणाऱ्या माणसाला वाघ हा वेळापत्रकाचा, मजुरीचा आणि जिवाचा प्रश्न आहे. ज्या प्रश्नात मजुरी आणि जीव दोन्ही आले, तो कामगार संघटनेचा प्रश्न नाही असे कोणी म्हणावे?

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शालेय शिक्षण लवकर आटोपले. पुढे जे काही आले ते मोफत वाचनालयाच्या बाकावर, सरकारी अहवालांतून आणि पाळी बदलताना फाटकाशी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या तोंडून. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून प्राणिशास्त्राची अपेक्षा ठेवू नये. आम्ही हिशेब मांडणार आहो. हिशेब मांडण्याची सवय संघटनेच्या कामाने माणसाला लागते.

प्रथम जमेची बाजू पाहू. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने. त्याचे क्षेत्र त्या वेळी जेमतेम 116 चौरस किलोमीटर होते. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली. पहिल्या नऊ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचा समावेश होता. पुढे ताडोबाला अंधारीचे अभयारण्य जोडून 1995 साली ताडोबा-अंधारी प्रकल्प झाला. 1999 साली पेंच, 2010 साली सह्याद्री, 2013 साली नवेगाव-नागझिरा आणि 2014 साली बोर. सहा प्रकल्पांपैकी पाच एकट्या विदर्भात आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या साऱ्याचे फळ काय? 2006 सालच्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे 103 वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नाही असे उघडकीस येऊन साऱ्या देशाची झोप उडाली होती. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले आणि मोजणीची पद्धतही सुधारली. महाराष्ट्राचा आकडा 2014 साली 190, 2018 साली 312 आणि 2022 साली 444 असा चढत गेला. यांतले बहुतेक सगळे वाघ विदर्भातले. हे यश वनखात्याचे आहे, कायद्याचे आहे. तसेच ते पाणवठे भरणाऱ्या, आगरेषा जाळणाऱ्या, उन्हातान्हात पायी गस्त घालणाऱ्या रोजंदारी वनमजुरांचेही आहे. गौरवाच्या समारंभात त्यांना खुर्ची मिळत नाही, म्हणून ती आम्ही येथे देतो.

आता खर्चाची बाजू. तिच्याकडे वळण्यापूर्वी एक योगायोग सांगतो. व्याघ्र प्रकल्प 1 एप्रिल 1973 रोजी सुरू झाला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, 1 मे 1973 रोजी, देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. राष्ट्रीयीकरण ही कामगार चळवळीची मोठी मिळकत होती आणि आम्ही आजही ती तशीच मानतो. परंतु चंद्रपूरच्या नकाशावर पाहावे तर ज्या भूमीवर वाघ, तिच्याच पोटात कोळसा. एकाच वसंतात राष्ट्राने वरच्या जंगलालाही आपले म्हटले आणि खालच्या कोळशालाही आपले म्हटले. दोहोंपैकी कशाला किती द्यायचे, हे मात्र त्या वेळी कोणी ठरवले नाही. ते न ठरल्याचा बोजा पन्नास वर्षे कोणाच्या पाठीवर पडला, तेच आम्ही सांगणार आहो.

वाघाचा प्रपंच कसा चालतो ते थोडक्यात पाहू. एका वाघाला वर्षाकाठी चितळ-सांबरासारखी सुमारे 50 जनावरे लागतात. एवढी खाल्ली तरी कळप आटू नये, म्हणजे त्याच्या टापूत अशी 500 जनावरे हवीत. या 500 जनावरांना गवत हवे, पाणी हवे, झाडोरा हवा. चांगल्या जंगलातसुद्धा एका वाघिणीला 20 ते 60 चौरस किलोमीटर प्रदेश लागतो. वाघीण सुमारे साडेतीन महिन्यांत विते, दोन-तीन पिले वाढवते, आणि दीड-दोन वर्षांत ती पिले आपापला प्रदेश शोधायला बाहेर पडतात. ताडोबाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा आणि भोवतालचे बफर क्षेत्र सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे. तेथे जन्मलेल्या प्रत्येक वाघाला तेथेच जागा मिळणे शक्य नाही, हे पाटीवर आकडा मांडणाऱ्या मुलालाही कळेल. घर भरले म्हणजे धाकट्याने शहराची वाट धरावी, तसा तरुण वाघ चालू लागतो. त्याच्या वाटेत ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांतली गावे, धानाची शेते, रस्ते, रूळ आणि खाणी येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील कितीतरी वाघ आज प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच राहतात.

ही चाल किती लांब असू शकते याचा दाखला 2019 साली मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला. तेलंगणाच्या सीमेत शिरला, परत आला, शेते, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे 1,300 किलोमीटरची चाल, आणि वाटेत लपायला कपाशी-तुरीची उभी पिके आणि नाल्याकाठची झुडपे. जंगलांना जोडणारी ही अरुंद पट्टी, जिला आता सर्रास कॉरिडॉर म्हणतात, ती वाघाची पाऊलवाट होय. वाट तुटली की प्रत्येक अभयारण्य हे बेट होते, आणि बेटावरचे कुळ पिढ्यांमागून पिढ्या आपसांतच वाढून क्षीण होते.

ही वाट आम्ही कशी तोडली? 2018 च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ जुनोना येथे गोंदिया-बल्लारशा मार्गावर रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे ठार झाले. 2019 च्या नोव्हेंबरात भद्रावती तालुक्यात, कोळसा खाणींच्या पट्ट्यात, सिरना नदीच्या पुलावरून उडी घेतलेला एक वाघ खडकांत अडकून मेला. शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्याकरिता कुंपणात चोरून वीज सोडतो, आणि 2017 साली नागभीडकडे अशाच तारेला चिकटून एक नावाजलेला वाघ गेला. त्या शेतकऱ्याला फासावर द्या अशी आरोळी शहरात उठते. त्याचे कृत्य गुन्हा आहेच. पण रात्रभर मचाणावर जागून सकाळी उकरलेले धान पाहणाऱ्याची भरपाई वेळेवर येत नसेल, तर तार का लागते हे विचारायचे कोणी?

उलट, वाट राखता येते याचाही पुरावा आहे. नागपूरहून शिवनी-जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करायचा होता. न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण चालले. शेवटी जनावरांना खालून जाता यावे म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून बांधला गेला. त्यांतला सर्वांत लांब भाग 750 मीटरचा आहे. खाली बसवलेल्या कॅमेऱ्यांत वाघासकट नाना प्रकारची जनावरे ये-जा करताना दिसली. म्हणजे मालमोटारही धावली आणि वाघही गेला. विकास हवा की वाघ, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हा रस्ता एकदा पाहून यावा.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वाघ वाढले, त्याचे मोल कोण देते?

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. अवघे दोन-तीन आठवडे. पहाट फुटण्याआधी बायामाणसे जंगलात शिरतात, कमरेत वाकून झुडपाचे पान खुडतात, घरी आणून 70 पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. जितके पुडे तितके पैसे. त्यापूर्वी मार्चपासून मोहफुलांचा हंगाम. तोही पहाटेचाच आणि वाकूनच करावयाचा. वाघाच्या शिकारीची वेळ हीच, आणि वाकलेले माणूस त्याला दुपायी दिसत नाही. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. विडी वळणाऱ्या बाईकरिता 1966 साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्या विडीचे पान तोडणारी बाई मात्र कोणाचीच कामगार नाही. ठेकेदार म्हणतो, आम्ही पान विकत घेतो, माणूस लावत नाही. मग ती मेली तर कामावर मेली असे म्हणायला कोणी मालकच उरत नाही.

2021 च्या नोव्हेंबरात ताडोबाच्या गाभ्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मारली गेली. आपण वर्तमानपत्रात 444 चा आकडा वाचला. त्या आकड्याच्या कामात हा एक जीव गेला आहे. 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात कामावरून घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. राखेच्या आणि ओबीच्या ढिगाऱ्यांवर बाभूळ-झुडपे माजतात, त्यांत रानडुकरे वाढतात, त्यांच्या मागे वाघ-बिबटे येतात. ही झुडपे काढणे, रस्त्यावर दिवे लावणे, रात्रपाळीच्या माणसाला वाहनाने घरी पोचवणे हे सारे मामुली खर्चाचे काम. तथापि कायम नोकराला बस आणि कंत्राटी माणसाला सायकल, ही जातिव्यवस्था आमच्या कारखान्यांत आहे, आणि वाघाला तिची कल्पना नसली तरी तिचा फायदा त्याला मिळतो.

आमच्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात, “या गोष्टी सांगून तुम्ही खाणीच्या विरुद्ध हत्यार देता. खाण बंद म्हणजे भाकर बंद.” या आक्षेपाला टाळून चालणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. ताडोबालगत लोहारा येथे कोळशाची खाण काढण्याचा बेत होता; लोकांच्या विरोधानंतर 2009 साली केंद्र सरकारने त्याला नकार दिला. चिमूर तालुक्यातील बंदर येथील कोळशाचा पट्टा 2020 साली लिलावाच्या यादीतून काढावा लागला. दोन्ही वेळी “रोजगार बुडाला” अशी हाकाटी झाली. परंतु आम्ही विचारतो, खुल्या खाणीत रोजगार असतो तरी किती? राष्ट्रीयीकरणानंतरच्या पन्नास वर्षांत कोळशाचे टन वाढत गेले आणि कायम कामगारांचा पट आटत गेला. भूमिगत खाणीत जेथे शेकडो माणसे लागत, तेथे आज यंत्रे आणि ठेकेदाराची माणसे आहेत. कोळसा संपला की यंत्र दुसरीकडे जाते आणि मागे उरतो पाण्याने भरलेला खड्डा. जंगल मात्र दरसाल मोह देते, तेंदू देते, बांबू देते, डिंक देते. खाणीची नोकरी एका पिढीची. जंगलाचा हक्क राखला तर तो पिढीजात. म्हणून चालू खाणीतील प्रत्येक कामगाराच्या हक्काकरिता आम्ही लढू, आणि नवी खाण वाघाच्या वाटेवर पडू नये म्हणूनही लढू. यात आम्हांला विसंगती दिसत नाही.

पाण्याचाही हिशेब यातच धरावा. चंद्रपूरचे वीज केंद्र आणि चंद्रपूर शहर यांना पाणी इरई धरणातून येते, आणि ते धरण ताडोबाच्या जंगलाला लागूनच आहे. नागपूरकर जे पाणी पितो त्याचा मोठा वाटा पेंचच्या जंगलातील तोतलाडोहातून येतो. मेळघाटात खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या जंगलात उगवून तापीला मिळतात. जंगल उजाड झाले तर पहिल्या पावसात माती धरणात जाईल आणि चैत्रात नळ कोरडा पडेल. वाघाकरिता राखलेले रान ही आपल्या घागरीची राखण आहे. नळाशी रांग लावणाऱ्या बाईला हे सांगा. तिला ते व्याख्यानावाचून पटेल.

पुनर्वसनाबद्दल चार शब्द बोलणे भाग आहे. वाघिणीला निवांत जागा हवी, हे आम्ही मान्य करतो. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी उठली, तेथे कुरणे झाली, चितळ-सांबर आले. ताडोबातून बोटेझरी, नवेगाव, जामणी येथील माणसे उठली. कायदा म्हणतो की गाव राजीखुशीने उठावे, आधी वनहक्क निश्चित व्हावेत आणि ग्रामसभेची संमती असावी. कुटुंबामागे 2008 पासून 10 लाख रुपयांचा पर्याय होता, 2021 साली तो 15 लाख झाला. पण 2019 च्या जानेवारीत मेळघाटातून उठवलेल्या गावांतले लोक, आम्हांला सांगितलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत असे म्हणत पुन्हा गाभ्यात शिरले, आणि गावकरी व वनखात्याचे कर्मचारी यांच्यात मोठी चकमक झाली. दोन्ही बाजूंची डोकी फुटली. आणि दोन्ही बाजूंना डोकी कोणाची होती? एकीकडे कोरकू शेतमजूर, दुसरीकडे तुटपुंज्या पगाराचा वनरक्षक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. रोख रकमेने माणूस वसत नाही. ज्याने जन्मात बँकेचे दार पाहिले नाही, त्याच्या हातात लाखाची रक्कम आली की ती मोटारसायकल, लग्न आणि लबाड दलाल यांत विरघळते. जमिनीच्या बदली जमीन, विहिरीच्या बदली विहीर, हाच आमच्या मते सरळ व्यवहार होय.

गाव न उठवताही जंगल राखता येते, हेही याच भागाने दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 साली. गावाने आपले नियम केले, बांबूची तोड स्वतः केली, मजुरी ठेकेदाराच्या हातून सुटली. 1947 साली मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या त्यामागेही हाच विचार होता. ज्याची भाकर जंगलावर, त्याच्या हाती जंगलाची किल्ली असावी. मग वणवा विझवायला त्याला बोलावणे पाठवावे लागत नाही.

पर्यटनाचेही असेच. आज ताडोबाच्या दारापाशी गाइड, वाहनचालक, खानावळीतले आचारी असे शेकडो हात काम करतात. गावच्या मुलीही गाइड झाल्या आहेत, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु पावसाळ्यात गाभ्याची दारे मिटली की यांचा रोज बंद. मोठ्या विश्रामगृहाच्या एका रात्रीच्या भाड्यात गाइडचे किती दिवस भागतात, हे तेथे उतरणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावे.

संघटनेच्या माणसाचे भाषण मागण्यांवाचून पुरे होत नाही. त्या आम्ही मोजून पाच ठेवतो.

पहिली : तेंदू, मोह आणि जंगलातील इतर कामांवर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी आणि त्याला कामगार मानावे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने या देशात एक तत्त्व रुजवले की, कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी काम घेणाऱ्यावर. ते तत्त्व जंगलाच्या कडेशी येऊन थांबू नये.

दुसरी : हंगामात सूर्य वर आल्याशिवाय कोणी जंगलात शिरू नये, टोळीने जावे, सोबत पहारेकरी असावा, आणि उशिरा सुरुवात केल्याने जे पुडे कमी होतील त्यांची भर दरात घालावी. दर न वाढवता केवळ नियम केला तर पोट त्याला जुमानणार नाही.

तिसरी : वाघाच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास राज्य सरकारने 2023 साली मदत 25 लाखांवर नेली, हे योग्यच केले. परंतु पिकाची आणि गुरांची भरपाईही ठरल्या मुदतीत मिळावी. गाय मेली आणि पैसे पुढल्या वर्षी आले, तर मधल्या वर्षात त्या माणसाच्या मनात वाघाविषयी काय साठते याचा विचार व्हावा.

चौथी : रोजंदारी वनमजुरांना कायम करावे, त्यांना बूट, विमा आणि औषधपाणी मिळावे.

पाचवी : कॉरिडॉर नकाशावर कायद्याने आखले जावेत आणि रस्ता, कालवा, रूळ, खाण यांचा आराखडा होतानाच त्यांचा विचार व्हावा. आधी बांधायचे आणि वाघ मेल्यावर समिती नेमायची, ही रीत आता बंद झाली पाहिजे.

सरकारने इकडचे वाघ तिकडे नेण्याचेही प्रयत्न केले आहेत. 2023 साली ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. 2024 साली ताडोबाच्या दोन वाघिणी ओडिशातील सिमलीपालला गेल्या. 2025 साली सह्याद्रीतही वाघीण आणली. हे प्रयोग उपयुक्त आहेत, पण भरलेल्या हौदातून लोट्याने पाणी काढण्यासारखे आहेत. खरे काम वाटा राखण्याचे आणि माणसे राखण्याचे आहे.

श्रोतेहो, ताडोबाच्या तळ्याकाठी ताडोबा देवाचे ठाणे आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला आणि आदिवासींनी त्याला देव मानले, अशी कथा सांगतात. त्याच मुलखात ठिकठिकाणी वाघोबाचीही पूजा होते. वाघाशी लढून मेलेला माणूस देव, आणि वाघही देव. या माणसांनी दोघांनाही एकाच रानात जागा दिली, आणि ते रान आपल्या हाती येईपर्यंत राखले. आता राखणीचा भार आपण सगळ्यांनी वाटून घ्यायचा आहे. दिवा लावताना आणि नळ सोडताना शहरातल्या माणसाने एवढे आठवावे की, त्या दिव्याचा कोळसा आणि त्या नळाचे पाणी वाघाच्या मुलखातून आले आहे, आणि त्या मुलखात पहाटे पान खुडायला गेलेली एक बाई अजून घरी परतायची आहे. ती सुखरूप परतावी, अशी व्यवस्था करणे आपल्या हातचे आहे. त्या कामी आपले बळ आमच्या पाठीशी उभे करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.